बुळबुळीला नाव मिळालं तेव्हा

रांजण रिकामा करून आत हात घातला की बोटं सरकतात. पाण्याला वास नसतो, रंग नसतो, तरी भिंतीला काहीतरी लागलेलं असतं. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडे याला कोणी बुळबुळ म्हणतं, कोणी चिकटा. राख आणि नारळाची शेंडी घेऊन तो खरवडला, रांजण उन्हात पालथा घातला, पुन्हा भरला, तरी काही दिवसांनी बोटं पुन्हा सरकतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या दगडांवर, अंभोऱ्याच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर, बोअरच्या पाइपात, दवाखान्यातल्या लघवीच्या नळीत आणि सकाळी दात घासण्याआधी जिभेला जाणवणाऱ्या थरात हीच जंतूंची मंडळी ठाण मांडून असतात. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, आपल्याच अंगातून चिकट पदार्थ सोडतात आणि त्या पदार्थात वस्ती करून राहतात. शास्त्राच्या भाषेत ही बायोफिल्म. मराठीत जैवपटल म्हणता येईल, पण बुळबुळ म्हटलं की हाताला कळतं.

या बुळबुळीवर आज जगभरात दरवर्षी हजारो शोधनिबंध छापले जातात. १९७० च्या सुमारासचे निबंध ‘बायोफिल्म’ हा शब्द घालून शोधले, तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच सापडतात. या पन्नास वर्षांत जंतूंनी आपली सवय बदललेली नाही. ते कोट्यवधी वर्षं असेच चिकटून राहत आले आहेत. बदललं ते त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या माणसांचं जग. ते कसं बदललं याची ही हकीकत आहे, आणि तिचा एक धागा नागपुरातून जातो.

सुरुवात दातांपासून करावी लागते. १७ सप्टेंबर १६८३ रोजी, म्हणजे संभाजीराजे गोव्याच्या पोर्तुगीजांशी झुंजत होते त्या वर्षी, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेवेनहूक या कापडवाल्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. तो रोज मिठाने दात घासत असे. तरीही दाढांच्या फटीत पांढरा, भिजवलेल्या पिठासारखा गोळा उरतो हे पाहून त्याने तो स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला. आत चिमुकले जीव वळवळत होते. पुढे त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली आणि एक बारकावा टिपून ठेवला: व्हिनेगरने वरवरचे जीव मेले, थराच्या आतले वाचले. आज अँटिबायोटिक देऊनही आतला संसर्ग का उरतो याचं उत्तर त्या निरीक्षणात होतं. ते उचलायला पुढची तीनशे वर्षं कोणी आलं नाही.

कारण मध्ये रॉबर्ट कॉख आला. यात कॉखचा दोष नाही, त्याच्या यशाचा आहे. १८८० च्या दशकात त्याने एकेक जंतू वेगळा काढून, शुद्ध वाढवून, कोणता जंतू कोणता रोग करतो हे सिद्ध करण्याची रीत घालून दिली. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला आणि १८८४ मध्ये कॉलऱ्याच्या शोधात तो कलकत्त्याला येऊन गेला. या रीतीने माणसांचे प्राण वाचले. पण तिच्यामुळे प्रयोगशाळेतला जंतू म्हणजे काचेच्या चंबूत, पोषक रसात एकटा पोहणारा जंतू, असा सगळ्यांचा समज झाला. चंबूच्या भिंतीला जो थर चिकटे तो घासून टाकायची घाण ठरला. शंभर वर्षांची पाठ्यपुस्तकं या पोहणाऱ्या जंतूवर लिहिली गेली.

गंमत अशी की खुद्द कॉखने चिकटलेल्या थराची करामत डोळ्यांनी पाहिली होती. १८९२ मध्ये हॅम्बर्गला कॉलरा झाला आणि आठ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारचं आल्टोना गाव त्याच एल्ब नदीचं, हॅम्बर्गच्याही खालच्या अंगाचं, म्हणजे जास्त घाण पाणी पीत होतं. तरी ते जवळजवळ सुटलं. रस्त्याच्या एका बाजूला कॉलरा, दुसऱ्या बाजूला नाही, अशी परिस्थिती होती. फरक एवढाच की आल्टोना आपलं पाणी वाळूच्या गाळणीतून सावकाश गाळून घेत होतं. कॉखने पुढच्या वर्षी यावर लिहिताना सांगितलं की खरं काम वाळूपेक्षा वाळूवर साचणारा चिकट थर करतो. जर्मन अभियंते त्या थराला ‘श्मुत्सडेके’ म्हणत, म्हणजे घाणीची चादर. नाव असं पडल्यावर जीवशास्त्रज्ञ कशाला तिकडे फिरकतो! तो थर अभियंत्यांच्या वाट्याला गेला, आणि अभियंत्यांचं लिखाण डॉक्टर वाचत नसत. आजही फारसे वाचत नाहीत.

आपल्याकडेही असंच झालं. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेप्टिक टाकीचे प्रयोग झाले. सांडपाण्यातून निघणारा वायू दिव्याला आणि इंजिनाला वापरून पाहिला गेला. मुंबई नगरपालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. कार्किट जेम्स यांनी त्यावर पुस्तकं लिहिली. ती सगळी कारागिरी जंतूंच्या वस्त्यांचीच होती, पण ते लिखाण स्थापत्याच्या कपाटात जाऊन बसलं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अधूनमधून कोणीतरी त्या थराकडे वळून पाहत होतं. अमेरिकेत मिनेसोटाच्या आर्थर हेन्रिसीने १९३३ मध्ये काचेच्या पट्ट्या तळ्यात बुडवून ठेवल्या. काही दिवसांनी काढून पाहिल्या तर पाण्यात तरंगणाऱ्यांपेक्षा काचेवर बसलेलेच जंतू भरपूर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या क्लॉड झोबेलला वेगळीच अडचण आली होती. समुद्राचं पाणी बाटलीत भरून ठेवलं की त्यातले जंतू भराभर वाढत, आणि बाटली जितकी लहान तितके जास्त. लहान बाटलीत पाण्याच्या मानाने काच जास्त असते, म्हणजे बसायला जागा जास्त. १९४३ मध्ये त्याने घन पृष्ठभागाचा जंतूंवर काय परिणाम होतो यावर निबंध छापला. तो आज या विषयाचा आद्यग्रंथ मानला जातो. त्या वेळी तो महायुद्धाच्या धामधुमीत छापला गेला आणि पडून राहिला.

आद्यग्रंथाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मुकुंदराजांनी मराठीचा आद्यग्रंथ म्हणवला जाणारा ‘विवेकसिंधु’ आमच्या अंभोऱ्याला लिहिला असं आमच्याकडची परंपरा सांगते, आणि आंबेजोगाईकरांना ते मान्य नाही. त्या वादात मी पडत नाही. पण पहिला कोण, हे नंतर आलेले ठरवतात एवढं त्यातून शिकलो. कुही तालुक्यातल्याच मांढळला वाकाटकांचे ताम्रपट निघाले म्हणून त्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आलं. शेजारच्या ज्या गावात ताम्रपट निघाले नाहीत, तिथेही माणसं राहत होतीच.

शोधनिबंधांची मोजदाद हीसुद्धा अशीच सापडलेल्या कागदांवर चालणारी विद्या आहे, आणि तिची मुळं ग्रंथालयात आहेत. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एका परिषदेत ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी ‘लायब्रमेट्री’ हा शब्द मांडला. ग्रंथालयाचं काम आकड्यांनी मोजता येतं, असं त्यांचं म्हणणं. डेरेक डी सोला प्राइस या विज्ञानेतिहासकाराने १९६३ मध्ये दाखवलं की शास्त्रीय लिखाण चक्रवाढीने वाढतं, साधारण दहा-पंधरा वर्षांत दुप्पट होतं. १९६४ पासून फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्डने सायन्स सायटेशन इंडेक्स नियमित काढायला घेतला. कोणत्या निबंधाने कोणाचा हवाला दिला याची ती वहीखातीच. १९६९ मध्ये ॲलन प्रिचर्डने या मोजदादीला ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हे नाव दिलं. म्हणजे बायोफिल्म हा शब्द रुळायच्या आधीच शब्द मोजायचं यंत्र तयार होऊन बसलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची अर्धी गोष्ट जंतूंपेक्षा या यंत्राची आहे.

शब्द रुळवला तो बिल कॉस्टर्टन या कॅनेडियन माणसाने. त्याचा एक तपशील मला फार आवडतो. १९६० च्या दशकात हा गृहस्थ पंजाबात बटाल्याच्या बेरिंग युनियन ख्रिश्चन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होता. तालुक्याच्या गावातलं कॉलेज. मग तो कॅनडात कॅलगरीला गेला. तिथे रॉकी पर्वतातल्या थंड, काचेसारख्या स्वच्छ ओढ्यांचं पाणी तपासताना त्याच्या गटाला आढळलं की पाण्यात जंतू अगदी थोडे, आणि त्याच ओढ्यातल्या निसरड्या दगडांवर मात्र मोप. ज्या दगडावरून पाय घसरतो तिथेच जंतूंचं गाव. जानेवारी १९७८ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर लेख लिहिला, जंतू चिकटतात कसे यावर. ते सर्वसाधारण वाचकाचं मासिक होतं. डॉक्टर, अभियंता, दंतवैद्य, तेल कंपनीतला रसायनतज्ज्ञ अशा सगळ्यांनी तो वाचला आणि प्रत्येकाला आपल्या घरची बुळबुळ आठवली. माझ्या मते या विषयाचं खरं भाग्य इथे उघडलं. मासिकातल्या सोप्या लेखाने जे केलं ते झोबेलच्या निबंधाला पस्तीस वर्षांत जमलं नव्हतं.

काळही अनुकूल होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत माणसाच्या शरीरात प्लास्टिक आणि धातू शिरू लागले होते: पेसमेकर, कृत्रिम सांधे, हृदयाच्या झडपा, कॅथेटर. १९८२ मध्ये कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची पेसमेकरची तार छापली. औषधं देऊनही संसर्ग पुन्हा उलटत होता. शेवटी तार काढली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिच्यावर जंतू एकमेकांच्या अंगावर रचून, चिकट पदार्थात गाडून घेऊन बसले होते. लेवेनहूकच्या व्हिनेगरची गोष्ट परत आली. वरवरचे मरतात, आतले वाचतात.

१९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशातून मोंटाना राज्यात बोझमन इथे बायोफिल्मसाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. पहिला संचालक बिल कॅराक्लिस हा अभियंता. तो वारल्यावर कॉस्टर्टन तिथे आला. नव्वदच्या दशकात कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक हाताशी आला आणि थर न मारता, न कापता, जिवंत पाहता येऊ लागला. तो सपाट लेप नव्हताच. त्यात मनोरे होते, मनोऱ्यांमधून पाणी खेळवणारे पाट होते. १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं की या वस्तीतले जंतू रासायनिक निरोप पाठवून एकमेकांना आपली संख्या कळवतात आणि त्यावर वस्तीचा आकार ठरतो. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात कॉस्टर्टन, स्टुअर्ट आणि ग्रीनबर्ग यांचा निबंध आला की चिवट, उलटणाऱ्या संसर्गांमागे बऱ्याचदा बायोफिल्म असते. पुढे त्या निबंधाचा हवाला हजारो वेळा दिला गेला. विषयाच्या आलेखाची रेघ इथून उभी चढते.

आता तीच वर्षं आपल्या बाजूने पाहू.

नागपुरात १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणतो. सत्तरच्या दशकाच्या मध्याला नेदरलँड्समधल्या एका आंतरराष्ट्रीय पाणीपुरवठा केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने विकसनशील देशांत संथ वाळू गाळणीचा प्रकल्प हाती घेतला आणि भारतातलं काम नीरीकडे आलं. आल्टोनाला वाचवणारी तीच गाळणी. आंध्र, हरियाणा, तामिळनाडू आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत एकेक गाव प्रात्यक्षिकासाठी निवडलं गेलं. महाराष्ट्रातलं गाव नागपूर जिल्ह्यातलं बोरुजवाडा.

ही गाळणी समजून घेण्यासारखी आहे. सुमारे मीटरभर बारीक वाळू, खाली गिट्टी, वर पाणी. पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर इतक्या गोगलगायीच्या वेगाने खाली झिरपतं. नवी गाळणी पहिल्या दिवशी फारसं काही करत नाही. ती पिकावी लागते. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, वाळूच्या माथ्यावर तपकिरी, साईसारखा थर धरतो. त्यात जंतू, शेवाळ, त्यांना खाणारे आदिजीव, सगळ्यांचा संसार असतो. नदीच्या पाण्यातले रोगजंतू या संसारात अडकतात, खाल्ले जातात, उपाशी मरतात. तुरटी लागत नाही, वीज जवळजवळ लागत नाही. थर फार जाड होऊन पाणी तुंबलं की पाणी उतरवून फावड्याने वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढायची आणि गाळणी पुन्हा पिकू द्यायची. सुगरणीला विरजण समजतं तसं राखणदाराला हे समजावं लागतं. घाईने गाळणी सुरू केली की गावाला कच्चं पाणी जातं.

या कामावर नीरीच्या आर. परमशिवम आणि व्ही. ए. म्हैसाळकर यांनी एका अमेरिकन सहलेखकाबरोबर १९८१ मध्ये अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या जर्नलमध्ये निबंध छापला. त्यात गाळणीची रचना, बांधकाम आणि खर्च यांचा हिशोब आहे. कॉस्टर्टनच्या मासिकातल्या लेखाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. कॅलगरीत जो थर दगडावर दिसला, तोच नागपूरकर वाळूवर पिकवत होते. दोघांनी एकमेकांचं लिखाण वाचलं असावं असं दिसत नाही, आणि वाचावं असं कारणही कोणाला वाटलं नसावं. एकाचा दप्तरखाना सूक्ष्मजीवशास्त्र, दुसऱ्याचा पाणीपुरवठा.

गोव्यात तिसराच दप्तरखाना होता. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नारायण भोसले, ए. बी. वाघ आणि सहकारी समुद्रात धातूच्या पट्ट्या लटकवून त्यांवर काय चढतं ते पाहत होते. जहाजाच्या तळाला शिंपले-कालवं चिकटायच्या आधी जंतूंचा चिकटा बसतो. त्याने जहाज जड होतं, तेल जास्त जळतं, धातू कुरतडला जातो. बंदराच्या आणि नौदलाच्या दृष्टीने हा पैशाचा प्रश्न. ‘बायोफाउलिंग’ नावाचं स्वतंत्र नियतकालिक १९८८ मध्ये निघालं आणि १९९० मध्ये, त्याच्या दुसऱ्याच खंडात, भोसले, शंकरन आणि वाघ यांचा निबंध आहे: ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांवरच्या चिकट्यातली कर्बोदकं कुठून येतात. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे आर. नागभूषणम आणि आर. सरोजिनी हेही सागरी कुरतडीच्या या विषयात होते. १९८८ मध्ये त्यांनी एका अमेरिकन संपादिकेसोबत त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. समुद्र नसलेल्या औरंगाबादेत समुद्री चिकट्याचा अभ्यास, याचं मला अजून कौतुक वाटतं.

म्हणजे जगात ही विद्या नावारूपाला येत होती तेव्हा आपल्याकडे ती तीन ठिकाणी, वेगवेगळ्या नावांनी चालू होती. कोणी श्मुत्सडेके म्हणत होतं, कोणी मायक्रोफाउलिंग. चौथीकडे दातांच्या दवाखान्यात तिला प्लाक म्हणत. बायोफिल्म ही पाटी या सगळ्या दुकानांवर एकदम लागली ती १९९० नंतर, आणि मोजदाद करणारं यंत्र पाटी वाचतं, दुकानात शिरत नाही. म्हणून जगाच्या आलेखात जी चढण दिसते तिचा काही भाग नव्या संशोधनाचा आहे आणि काही भाग जुन्याच धंद्याला मिळालेल्या नव्या नावाचा. दोहोंची वाटणी किती, हे आलेख सांगत नाही.

नाव मिळालं की पैसा मिळतो, हेही तितकंच खरं. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बायोफिल्मवरच्या प्रकल्पांसाठी अर्ज मागवले. त्या जाहिरातीत एक वाक्य होतं की शरीरातल्या जंतुसंसर्गांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बायोफिल्ममुळे होतात. कोणत्या मोजणीतून हा आकडा आला याचा पत्ता त्या जाहिरातीत नव्हता. पण निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात टाकायला तो फार सोयीचा. तिथून तो हजारो निबंधांत गेला, एकाने दुसऱ्याचा हवाला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि मूळ जाहिरात मागे राहिली. आमच्याकडे एखाद्या जमिनीचा फेरफार चुकला की पुढच्या सगळ्या सातबाऱ्यांवर तीच चूक उतरत जाते, तसंच हे.

भारताचे आकडे २००० नंतर वाढले. त्यामागचं एक कारण कोणी लिहीत नाही, ते स्वस्ताई. १९८५ मध्ये क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी बायोफिल्म मोजायची सोपी रीत दिली होती. ९६ छोट्या वाट्यांची प्लास्टिकची प्लेट घ्यायची, वाट्यांत जंतू वाढवायचे, रस ओतून टाकायचा, पाण्याने धुवायचं आणि क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालायचा. पुन्हा धुतलं की पोहणारे जंतू वाहून जातात आणि वाटीच्या भिंतीला जे चिकटलं तेवढं जांभळं उरतं. जांभळं जितकं गडद तितकी बायोफिल्म जास्त. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला कोट्यवधी रुपये लागतात. या रंगाची बाटली कोणत्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते, कारण ग्रामची चाचणी तिनेच करतात. २००६ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल मायक्रोबायोलॉजी’त स्टॅफिलोकोकस जंतूंवर अशा तीन साध्या रीतींची तुलना छापून आली. मग वैद्यकीय महाविद्यालयांना एक साचाच मिळाला: रुग्णालयातून एवढे नमुने घेतले, त्यांतल्या इतक्यांनी बायोफिल्म केली, त्यांतले इतके औषधांना दाद देईनात. साच्यातले म्हणून हे निबंध मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या दवाखान्यातल्या नळ्यांमध्ये काय वाढतंय हे त्यांच्यामुळेच कळलं.

नीरीतही दरम्यान पिढी बदलली होती. पर्यावरणीय जीनोमिक्स विभागाच्या हेमंत पुरोहित यांचा २०११ मध्ये व्ही. सी. कालिया यांच्याबरोबर निबंध आला, जंतूंच्या निरोपांची यंत्रणाच मोडून त्यांना नमवता येईल का यावर. ‘क्रिटिकल रिव्ह्यूज इन मायक्रोबायोलॉजी’त छापलेल्या या निबंधाचे हवाले जगभर दिले गेले. वाळूवरच्या साईपासून जंतूंच्या बोलण्यापर्यंत एका संस्थेचा तीस वर्षांचा प्रवास. यंत्राने यातलं दुसरं टोक टिपलं.

भारताचे आकडे वाढण्याचं दुसरं कारण मात्र कडू आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांची नेमणूक आणि बढती ‘एपीआय’ गुणांना बांधली. छापलेल्या निबंधाला गुण मिळू लागले. हेतू चांगला होता. पण ज्या कॉलेजात प्रयोगशाळेला वर्षाचं अनुदान जेमतेम, नियतकालिकं बंद, आणि प्राध्यापकाच्या डोक्यावर परीक्षा, निवडणूक नि जनगणना, तिथेही वर्षाला निबंध हवेच झाले. मागणी झाली तसा पुरवठा आला. आयएसएसएन हा निव्वळ ओळखक्रमांक, पण तो प्रतिष्ठेचा शिक्का म्हणून चालू लागला. पैसे भरा, आठवड्यात छापतो, असे ई-मेल विदर्भातल्या कोणत्या प्राध्यापकाला आले नसतील! २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली, तिच्यात ३८ हजारांहून जास्त नावं. पुण्याच्या भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि इतरांनी त्यातली विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली हजारेक नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त निकषांना उतरली नाहीत. हे मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं, आणि मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. पुढच्या वर्षी पुणे विद्यापीठाच्या आधाराने ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून आयोगाने पारख विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर सोडली.

आपणच तेवढे पापी असंही समजू नये. चीनमध्ये डॉक्टरांच्या बढत्या निबंधांना बांधल्या गेल्या तेव्हा तिथेही हेच झालं. गेल्या काही वर्षांत बायोफिल्मच्या वार्षिक निबंधांत चीनने अमेरिकेला मागे टाकलं, आणि भारतही पहिल्या काही देशांत आहे. त्यातलं उत्तम काम खरोखर उत्तम आहे. पण २०२३ मध्ये हिंदावी या एकट्या प्रकाशनगृहाचे आठ हजारांहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. मागे घेतलेला माल आणि विकलेला माल एकाच रकान्यात मांडला, तर व्यापाऱ्याचंही दिवाळं निघेल.

एवढं छापून हाती काय लागलं? रुग्णाच्या दृष्टीने थोडं. बायोफिल्म मोडणारं औषध म्हणून सर्रास वापरात येईल असं अजून काही आलेलं नाही. नळी खराब झाली की काढायची, सांधा पिकला की उघडून साफ करायचा, हीच वहिवाट आहे. फार तर आता डॉक्टर नळी लवकर काढतात आणि ती घालतानाच जास्त जपतात, हा लाभ लहान नाही. जास्त मोठं फळ अभियंत्यांना मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत हालवार्ड ओडेगार्ड आणि सहकाऱ्यांनी सांडपाण्यात प्लास्टिकच्या खाचाखोचांच्या चकत्या सोडून त्यांवर बायोफिल्म वाढवायची पद्धत बसवली. आज भारतातल्या कितीतरी इमारतींच्या सांडपाणी यंत्रात त्या चकत्या गरगरत असतात, तपकिरी साय पांघरून.

ती साय जिथे कमी पडते तिथला हिशोब आमच्याकडे येतो. नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. अंभोऱ्याच्या संगमावर आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात ते पाणी पोचतं. सांडपाणी मिसळलेल्या प्रवाहात दगडांवर राखाडी, लोकरीसारखी लव वाढते, हात लावला की लिबलिबीत. तिला लोक बुरशी म्हणतात. बहुतांशी ते जंतूच असतात, शहराने न केलेलं शुद्धीकरण करायला बसलेले.

शोधनिबंध वाचण्याचं दार आता थोडं उघडतं आहे: जानेवारी २०२५ पासून नियतकालिकं संस्थांना खुली करणारी ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३ हजार नियतकालिकं. पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरती आहे. ग्रामीण विदर्भातली बरीचशी महाविद्यालयं खाजगी शिक्षण संस्थांची आहेत. पण उद्या त्यांच्यासाठीही दार उघडलं आणि तालुक्याच्या ग्रंथपालाने किंवा विद्यार्थ्याने ‘बायोफिल्म’ हा शब्द टाकून जगाचा आलेख काढायला घेतला, तर त्याला एकच विनंती आहे. शब्द बदलून आणखी एकदा शोधा. नीरीच्या १९८१ च्या निबंधाच्या शीर्षकात बायोफिल्म हा शब्द नाही, आणि गोव्याच्या १९९० च्या निबंधाच्या शीर्षकातही नाही.